शेलूची ओटी आणि सांगलीचा पट

मुंबईहून कर्जतकडे निघालेली लोकलगाडी वांगणी सोडून पुढे आली म्हणजे नेरळच्या अलीकडे एका लहानशा स्टेशनावर क्षणभर विसावा घेते. माथेरानास जाणारी हौशी मंडळी तोपर्यंत सामान आवरून दाराशी उभी असतात. त्यांचे सारे लक्ष नेरळकडे लागलेले असल्यामुळे या स्टेशनाकडे मान वळवून पाहण्याचे श्रम सहसा कोणी घेत नाही. ते आमचे शेलू. एका अंगास माथेरानचा डोंगर, दुसऱ्या अंगास उल्हास नदीचे खोरे आणि मध्ये भाताची खाचरे, एवढीच या गावाची संपत्ती. हल्ली खाचरे मोडून त्या जागी चारचार मजली इमारती उठू लागल्या आहेत, आणि पहाटेच्या गाडीला जागा मिळणे म्हणजे पूर्वपुण्याईचा भाग झाला आहे. तथापि आषाढात डोंगरावरून पांढऱ्या धारा उतरू लागल्या म्हणजे आमच्या ओटीवर बसून त्या पाहणाऱ्यास अन्यत्र जाण्याची इच्छा होत नाही, हे मी पक्षपाताचा आरोप पत्करूनही सांगतो.

या ओटीवर माझ्या लहानपणी रोज तिसऱ्या प्रहरी बुद्धिबळांचा पट मांडला जाई. पट म्हणजे काळ्यापांढऱ्या घरांची पाटी नव्हे. आमच्या काकांचा पट तांबड्या खारव्याचा असून त्यावर पांढऱ्या दोऱ्याने चौसष्ट घरे शिवलेली होती. सर्व घरे एकाच रंगाची. उंट तिरपा कोठवर जाईल हे डोळ्यांनी नव्हे तर मनाने मोजावे लागे. मोहरी लाकडी, एका हत्तीचा कान तुटलेला. काकांनी उभी हयात मुंबईस कारकुनी करण्यात घालविली होती. निवृत्त होऊन गावी आल्यावर त्यांना दोनच व्यसने उरली, एक तपकिरीचे आणि दुसरे या पटाचे. खेळावयास स्टेशनावरील एक वृद्ध कामगार, शेजारचे भिक्षुक आणि कोणी न आल्यास मी.

ज्या वाचकांनी केवळ हल्लीचा आंतरराष्ट्रीय पद्धतीचा खेळ पाहिला आहे, त्यांना आमच्या ओटीवरील खेळाची थोडी ओळख करून दिली पाहिजे. आमचे प्यादे आरंभीसुद्धा एकच घर चाले. दोन घरे उडी मारण्याचा अधिकार त्यास नव्हता. किल्लेकोट करण्याची चाल आम्हांस ठाऊक नव्हती. त्याऐवजी राजाला, जोवर त्यास शह बसलेला नाही तोवर, साऱ्या डावात एकदा घोड्याप्रमाणे अडीच घरे उडण्याची मुभा असे. एकदा शह बसला की ती मुभा गेली. प्यादे शेवटच्या घरी पोहोचले तर त्याचा हटकून वजीर होत नसे. ज्या मोहऱ्याच्या रांगेत ते पोहोचले त्या मोहऱ्याचे रूप त्यास मिळे. एका पक्षाजवळ नुसता राजा उरला तर डाव बुर्जी म्हणून सुटे. त्यामुळे जिंकणाऱ्याला प्रतिपक्षाची सारीच मोहरी खाऊन चालत नसे, एखादे दीनवाणे प्यादे मुद्दाम राखावे लागे. आणि मात द्यावयाची ती शक्य तर प्याद्याने. वजिराने मात दिली तर काका तपकिरीची चिमूट ओढून नुसते ‘हूं’ म्हणत. प्यादेमात झाली म्हणजे मात्र आतून चहा मागवीत.

असा हा संथ खेळ. प्यादी एकेक घर सरकत असल्यामुळे दोन्ही सैन्यांची गाठ पडेपर्यंत नेरळकडची एक गाडी येऊन जाई. खरी लढाई मध्यावर पेटे, आणि शेवटी चारदोन मोहरी उरली म्हणजे पाहणारे गुडघ्यावर हात टेकून पुढे सरकत.

मी इंग्रजी सातवीत असताना शाळेने मला एका मोठ्या गावी बुद्धिबळाच्या स्पर्धेस पाठविले. गावाचे आणि संस्थेचे नाव सांगण्याचे कारण नाही. पहिल्याच डावात माझा राजा अडचणीत येऊ लागला, तेव्हा मी मोठ्या आत्मविश्वासाने त्यास घोड्याची उडी देऊन कोपऱ्यात बसविला. समोरचा मुलगा प्रथम गोंधळला, नंतर त्याने हात वर केला. पंच आले, त्यांनी पटाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि हा राजा आहे की माकड, असे विचारले. सभोवारची मुले हसली. तो डाव मी हरलो, आणि पुढच्या डावांना बसलोच नाही. संध्याकाळी शेलूस उतरलो तो तडक ओटीवर गेलो आणि काकांस म्हणालो, “तुम्ही मला खोटा खेळ शिकविलात.”

काका रागावले नाहीत. पट गुंडाळता गुंडाळता एवढेच म्हणाले, “ज्याने कापाब्लांकाला हरविले तो याच खोट्या खेळात वाढला, बाळ. आणि आपला खाडिलकर त्याच्याशी दहा डाव खेळून एक वाचवून आला.” कापाब्लांका कोण आणि खाडिलकर कोण, हे विचारण्याची मला इच्छा झाली नाही. हरलेल्या मुलाची समजूत घालण्यासाठी म्हाताऱ्याने रचलेली ती एक गोष्ट असावी, असे मी धरून चाललो. त्या दिवसानंतर मी काकांसमोर पटाला बसलो नाही, आणि त्यांनीही बोलाविले नाही. मी कॉलेजात जाण्याचे बेत करीत होतो ते घरच्या परिस्थितीमुळे फसले, आणि मी मॅट्रिकवरच शाळेत चिकटलो. काका त्याच सुमारास गेले. तांबडा पट माळ्यावर गेला.

पुढे पुष्कळ वर्षांनी, शाळेच्या ग्रंथसंग्रहाची झाडाझडती घेत असता एका जुन्या इंग्रजी पुस्तकात मला सुलतानखान भेटला, आणि काकांच्या वाक्यातील अक्षर न् अक्षर खरे असल्याचे दिसून आले.

मीर सुलतानखान हा पंजाबातील सरगोध्याकडील मिठा टिवाना गावचा. जन्म 1903 चा. आपल्या वडिलांपासून तो देशी पद्धतीचा खेळ शिकला आणि तरुण वयात त्या प्रांती त्याची बरोबरी करणारा उरला नाही. सर उमर हयातखान या धनिक सरदाराने त्यास आश्रय दिला व विलायती नियम शिकविले. 1928 साली अखिल भारतीय स्पर्धेत त्याने आठ डाव जिंकले, एक बरोबरीत सोडविला आणि एकही गमावला नाही. पुढच्या वर्षी सरदारसाहेब त्यास घेऊन लंडनास गेले. तेथे त्याच्या सरावासाठी एक लहानशी स्पर्धा भरविली, तीत हा अखिल भारताचा विजेता शेवटच्या क्रमांकाचा वाटेकरी झाला! येट्स व विंटर या दोन इंग्रज खेळाडूंनी मग त्यास आरंभीच्या चाली समजावून दिल्या, आणि त्याच उन्हाळ्यात रॅम्सगेट येथे त्याने ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले. उन्हाळ्यापूर्वी तळाशी असलेला मनुष्य उन्हाळ्यात शिखरावर, असा हा प्रकार.

पुढील चार वर्षांचा त्याचा आलेख मी आमच्या वर्गातील फळ्यावर एकदा मुलांसाठी लिहून काढला होता. 1930 साली लिएज येथे टार्टाकोवरच्या खालोखाल दुसरा. 1930-31 च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत ऑयवे व कापाब्लांका यांच्या मागे तिसरा, आणि तेथेच, माजी जगज्जेत्या कापाब्लांकावर विजय! तो डाव मी अनेकदा मांडून पाहिला आहे. सुलतानखानाकडे पांढरी मोहरी होती. पासष्ट चालींत कोठेही चमकदार बलिदान नाही की धाडसी उडी नाही. हळूहळू, मुंगीच्या पावलाने, तो प्रतिपक्षाला श्वास घेण्यास जागा राहू देत नाही. आमच्या ओटीवर शेवटी चार मोहरी उरल्यावर काका जसे खेळत, नेमके तसेच. 1931 च्या जानेवारीत टार्टाकोवरशी बारा डावांचा सामना साडेसहा विरुद्ध साडेपाच असा जिंकला. त्याच वर्षी प्रागच्या ऑलिंपियाडमध्ये इंग्लंडच्या पहिल्या पटावर बसून फ्लोर व रुबिनस्टाइन यांना हरविले आणि जगज्जेत्या अलेखिनशी बरोबरी केली. 1932 साली लंडनला आणि 1933 साली हेस्टिंग्जला पुन्हा ब्रिटिश अजिंक्यपद. चार वेळा स्पर्धेस उतरला, त्यांपैकी तीन वेळा विजयी. 1933 साली त्याच परिवारातील मिस फातिमा हिने ब्रिटिश महिला अजिंक्यपद पटकाविले, ही गोष्ट आमच्या भगिनीवर्गास अवश्य सांगावी अशी आहे.

हे सारे करीत असता इंग्लंडची थंडी त्यास सोसत नसे. हिवतापाने व घशाच्या दुखण्याने तो बेजार असे, आणि गळ्याला फडके गुंडाळून पटापाशी बसे. इंग्रजी ग्रंथ वाचण्याइतके इंग्रजी त्यास येत नव्हते. पाश्चात्त्य लेखकांनी मात्र यावरून त्यास निरक्षर नोकर ठरवून टाकले. त्याच्या घरच्या मंडळींनी अलीकडे पुराव्यानिशी हे खोडून काढिले असून तो प्रतिष्ठित जमीनदार घराण्यातला होता असे दाखविले आहे. जो आपल्या भाषेत बोलत नाही तो अशिक्षितच, असे समजण्याची खोड केवळ साहेबालाच आहे असे नव्हे. माकडाची उपमा देणारे पंच शुद्ध मराठी बोलत होते.

1933 च्या डिसेंबरात तो मायदेशी परतला आणि जगाच्या पटावरून नाहीसा झाला. 1966 साली त्याचा अंत झाला. जागतिक संघटनेने त्यास ग्रँडमास्टर ही पदवी बहाल केली ती 2024 साली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी.

आता खाडिलकर. इंग्रजी नोंदींत व्ही. के. खाडिलकर म्हणून येणारा हा मराठी खेळाडू सुलतानखानाच्याही आधी, 1924 साली, साउथपोर्ट येथील ब्रिटिश अजिंक्यपदाच्या स्पर्धेत खेळला. त्या स्पर्धेत अॅटकिन्स विजयी झाला, ज्याने एकूण नऊ वेळा ते पद मिळविले. ज्या काळी समुद्र ओलांडणे ही आमच्या घराघरांतून अजून चर्चेची बाब होती, त्या काळी एक मराठी मनुष्य बुद्धिबळांसाठी विलायतेस जातो, याचे मला आजही नवल वाटते. 1935 साली त्याचा आणि सुलतानखानाचा दहा डावांचा सामना झाला. त्यांतील नऊ सुलतानखानाने जिंकले, एक बरोबरीत सुटला. इतिहासाने नऊ मोजले. आमच्या काकांनी एक मोजला. मला पूर्वी ही म्हाताऱ्याची प्रांताभिमानी हिशेबचुकवी वाटली असती. परंतु ज्याच्यापुढे माजी जगज्जेत्याचे चालले नाही, त्याच्यापुढे चार, पाच, सहा डाव हरल्यानंतरही पुढच्या डावाला नीट केस विंचरून येऊन बसावयाचे आणि त्यांतील एक वाचवावयाचा, हे ज्यास एकाच पराभवानंतर उठून जाण्याची लाज आयुष्यभर वाटत आली आहे त्यास वेगळे दिसते.

संस्कृत शिकविण्याच्या निमित्ताने मला या खेळाच्या आणखी काही खुणा सापडल्या. नवव्या शतकातील रुद्रटाच्या काव्यालंकारात तुरगपदबंध आहे. घोडा अर्ध्या पटावर ज्या क्रमाने सर्व घरांतून फिरेल त्या क्रमाने अक्षरे वाचावी, तरी श्लोक तोच. मूळचे पैठणचे, पण काशीस स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठभट्टाने सतराव्या शतकात भगवंतभास्कर हा प्रचंड धर्मशास्त्रग्रंथ रचिला; त्याच्या व्यवहारमयूखावर मुंबईच्या उच्च न्यायालयात वारशाचे कैक खटले चालले, परंतु नीतिमयूखात त्याच पंडिताने बुद्धिबळाचे नियम लिहून ठेविले आहेत, हे आमच्या वकीलमित्रांस मी सांगितले तेव्हा त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिले. आणि 1814 साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे पुस्तक छापले गेले, त्यात संस्कृतातील डाव इंग्रजीत आणून ते विलायती पद्धतीस जुळवून दिले आहेत. म्हणजे सुलतानखानास जो उंबरठा ओलांडावा लागला तो एका शास्त्रीबुवांनी शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी ओलांडून दाखविला होता. 1955 साली एलुरू येथे भारताची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तीत वेंकय्या यांच्यासमवेत विजेतेपदाचे मानकरी ठरलेले रामचंद्र सप्रे हे मुंबईस गणिताचे प्राध्यापक होते. असो. विषय लांबत चालला.

माझा नातू दहा वर्षांचा झाला तेव्हा त्यास सांगलीच्या स्पर्धेस न्यावयाचे ठरले. सांगलीचे नूतन बुद्धिबळ मंडळ 1941 सालचे. भाऊसाहेब पडसलगीकरांनी त्यासाठी आपले आयुष्य वेचले, आणि उन्हाळ्याच्या सुटीत तेथे भरणाऱ्या स्पर्धांमुळे बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलामुलींना सांगली हे नाव पंढरीसारखे झाले. निघण्याच्या आदल्या रात्री मी माळ्यावर चढून तांबडा पट खाली काढला. कसरीने दोन घरे खाल्ली होती. सौभाग्यवतींनी ती शिवून दिली, आणि हे ओझे कशासाठी, असे विचारले नाही.

शेलूहून कर्जत, तेथून घाट चढून पुणे, आणि पुण्याहून सातारा-कऱ्हाडवरून सांगली. खंडाळ्याच्या घाटात बोगद्यामागून बोगदे येत असता नातू डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होता. स्तोत्र म्हणत असेल म्हणून मी आनंदलो. विचारता कळले की तो एका डावाच्या आरंभीच्या चौदा चाली पाठ म्हणत आहे.

सांगलीस कृष्णेच्या काठी गणपतीचे दर्शन घेतले, 1929 साली बांधून झालेला आयर्विन पूल पाहिला. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली मराठी नाटकाचा श्रीगणेशा याच गावी केला, हे नातवास सांगितले. त्याने मान डोलावली, पण त्याचे मन सभागृहाकडे होते. तेथील देखावा मात्र विसरणे शक्य नाही. लांबच लांब बाकांच्या रांगा, शेकडो मुले, आणि घड्याळांवर पडणाऱ्या टिचक्यांखेरीज आवाज नाही. बाहेर झाडाखाली आईबाप, कोणी डबा उघडून, कोणी नामस्मरण करीत. मुलीही पुष्कळ होत्या. 1974 साली बंगलोरला महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा वासंती खाडिलकर यांनी जिंकली. 2025 साली नागपूरच्या दिव्या देशमुख हिने महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर पद मिळविले. त्या झाडाखालच्या एखाद्या आईच्या मनात काय चालले असेल ते सांगावयास नको.

नातवाचे गुण बेताचेच पडले. शेवटचा डाव तो जिंकत आलेला हरला, आणि परतीच्या गाडीत खिडकीकडे तोंड करून बसला. कऱ्हाड गेले, सातारा गेले. मी पिशवीतून पट काढून बाकावर पसरला.

“हे काय आजोबा? याला काळी घरे नाहीत.”

“नाहीत. बस.”

नियम सांगितले. त्याने सवयीने प्यादे दोन घरे पुढे टाकले. मी ते एक घर मागे घेतले. पाचसहा चालींनंतर तो गोंधळून माझ्याकडे पाहू लागला. “माझे पाठ केलेले काहीच येथे उपयोगी पडत नाही!” त्याच्या तोंडून ते वाक्य बाहेर पडले आणि लंडनच्या त्या सरावस्पर्धेत तळाशी बसलेला सुलतानखान मला पहिल्यांदा दिसला. तोच उंट, तोच घोडा, तीच चौसष्ट घरे, आणि तरी प्रत्येक पावलाला जमीन परकी. फरक इतकाच की माझ्या नातवास समोर आजोबा होते.

लोणावळ्याच्या सुमारास त्याने माझ्या राजाभोवती फास आवळीत आणला. मी राजाला अडीच घरांची उडी दिली.

“हे खोटे आहे!” तो ओरडला.

डब्यातील दोघेतिघे वळून पाहू लागले. मी त्यास सुलतानखान सांगितला, कापाब्लांका सांगितला, खाडिलकरांचा तो एक डाव सांगितला. त्याने ऐकून घेतले. विश्वास ठेवला की नाही हे कळले नाही, आणि मीही विचारले नाही. कर्जत आल्यावर पट जसाच्या तसा गुंडाळावा लागला, डाव अर्धाच राहिला. लोकलमध्ये तो माझ्या खांद्यावर डोके टेकून झोपला. शेलूस उतरलो तेव्हा रात्र झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्नान-संध्या आटोपून ओटीवर आलो तो पट मांडलेला. कान तुटलेला हत्ती त्याने आपल्याकडे घेतला होता. मी बसलो. दोन्हीकडची प्यादी एकेक घर सरकली. आठव्या चालीस त्याने, वरवर पाहता काहीच लाभ नसताना, आपला उंट लांबून आणून माझ्या राजाला शह दिला. मी प्यादे मध्ये घातले आणि उंट फुकट का दवडलास म्हणून त्यास विचारले.

“फुकट कुठे, आजोबा?” तो म्हणाला. “आता तुमचा राजा उडणार नाही.”